बाई उठेना

"गोत्र?" तात्यांनी विचारलं.

समोर गव्हाच्या डब्यावर बसलेल्या डोरिसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तात्यांकडे पाहिलं.

"तात्या, त्या अमेरिकेच्या आहेत."

"दिसतंय मला. मोतीबिंदू झालाय, आंधळा नाही झालो. गोत्र विचार."

"त्यांच्यात गोत्र नसतं."

"मग काश्यप लिही. ज्याला ठाऊक नसतं त्याचं काश्यप. चल पुढे."

डोरिसबाई गव्हाच्या डब्यावर का बसल्या होत्या तेही सांगते. वय एकाहत्तर, गुडघे वाकत नव्हते, आणि आमच्या घरात त्या काळी एकच खुर्ची होती, तिचाही एक पाय विटेवर टेकलेला. आईनं भरलेला डबा ओढून आणला, वर गोधडीची घडी टाकली आणि म्हणाली, "बसा. गहू आहे आत, कुठे जात नाही." बाई बसल्या. पायांत लाल लोकरी मोजे, गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल आणि मांडीवर रबरबँड लावलेली कागदांची चळत.

हे १९८७च्या जानेवारीतलं. आम्ही नाशिकचे तीर्थोपाध्ये, पंचवटीत रामकुंडापासून दोन मिनिटांवर राहणारे. आमच्या वाट्याला नगरकडची शंभरेक गावं. तिथलं कुणी तीर्थाला आलं, अस्थी घेऊन आलं, की ते आमच्याकडे येणार आणि आमच्या नामावळीत लिहिलं जाणार. नाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे. गावागणिक पानं आणि पानापानांत घराणी. लाल फडक्यांत बांधलेल्या अशा एकसष्ट वह्या आमच्या कपाटांत होत्या, जुन्या सगळ्या मोडीत लिहिलेल्या.

तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं की त्यांना नेमका एखादा यजमान आठवायचा. माझा थोरला भाऊ हेरंब पुण्याला कारखान्यात नोकरीला. त्याला मोडी येत नव्हती आणि येत नसल्याचं दुःखही नव्हतं. मी नवव्या वर्षापासून मोडी वाचत होते. वारसा हेरंबकडे आणि काम माझ्याकडे, अशी आमच्या घरची वाटणी होती. त्या वर्षी मी इंग्रजी घेऊन एम.ए. करत होते, त्यामुळे दुभाषी म्हणूनही माझीच नेमणूक झाली. डोरिसबाई अर्थात इंग्रजीच बोलत होत्या. इथे मी त्यांचं बोलणं मराठीत सांगते आहे.

"आधी तीन घरं फिरले," त्या म्हणाल्या. "तिघांनीही मला गाव विचारलं. मी वरमाँट म्हटलं की ते मान हलवायचे. शेवटच्या गृहस्थांनी विचारलं, वरमाँट नाही, तुमची पणजी हिंदुस्थानात राहायची कुठे? मी म्हटलं पाथरवाडी, तालुका नेवासे. तर त्यांनी सरळ तुमच्या दाराकडे बोट दाखवलं."

"काय म्हणतायत?" तात्यांनी विचारलं.

"पाथरवाडी म्हणतायत."

"आपलंच." तात्या खूश झाले. "पण आपल्याकडे गोरं कुणी नाही बरं का. एक पारशी आहे, तोही चुकून आलेला."

बाईंनी रबरबँड काढला. "मला फार काही नको आहे," त्या म्हणाल्या. "एकच गोष्ट हवी आहे. माझ्या पणजीनं, अबिगेलनं, आपल्याला एक मुलगी आहे हे जगात कुणाला तरी सांगितलं होतं का, एवढंच."

मग त्यांनी सांगितलं ते असं. अबिगेल एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. पदरात पाच वर्षांची मुलगी, एलन. ही एलन म्हणजे डोरिसबाईंच्या आईची आई. घरात खायची पंचाईत. तेव्हा एका मिशनला हिंदुस्थानात मुलींच्या शाळेसाठी बाई हवी होती, पण मूलबाळ नसलेली. अबिगेलनं अर्जावर लिहून दिलं, मूलबाळ नाही. एलनला नणंदेकडे ठेवलं आणि ती पाथरवाडीला आली. दोन-तीन वर्षांत परत जायचं असं ठरलं होतं म्हणे. सहा वर्षांनी ती पटकीनं पाथरवाडीतच गेली.

"माझ्याकडे मिशनचे तीन कागद आहेत." बाईंनी ते ओळीनं मांडले. "अर्ज, नेमणूक, मृत्यूची नोंद. तिन्हींवर तेच. मूलबाळ नाही. आजीनं म्हातारपणी ते कागद पाहिले होते. जाण्यापूर्वी मला म्हणाली, आईनं मला कधी मोजलंच नाही. मी सतरा वर्षांची होते. म्हटलं, आजी, मी शोधून काढीन." त्या जरा हसल्या. "सतराव्या वर्षी माणूस काहीही कबूल करतो. मग नोकरी, मुलगी, नवऱ्याचं आजारपण. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले तेव्हा पुन्हा आठवलं. त्यालाही वीस वर्षं होतील."

"अहो, मग इथं कशाला आल्या त्या?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण मी भाषांतर करायचा अवकाश, तिचे प्रश्न तयार असायचे.

इथं आल्या त्या एका पत्रामुळे. अबिगेलनं नणंदेला लिहिलेली बाकीची पत्रं नणंदेनं चुलीत घातली की आणखी काय झालं देव जाणे, एक मात्र शिवणाच्या पेटीत राहिलं. त्यात लिहिलं होतं, "भागी गेली. तिला नदीवर पोचवीन असं वचन दिलं होतं, ते पाळलं. मिशनला कळवू नये. नाशिकला एका माणसानं माझी सगळी नावं मोठ्या वहीत लिहून घेतली. तो म्हणतो, ही वही कधी टाकून देत नाहीत."

"टाकून देत नाहीत," तात्यांनी मान डोलावली. "जागा नसली तरी टाकून देत नाहीत. तुझ्या आईला विचार."

आम्ही दोघांनी पाथरवाडीचं पुडकं सोडलं आणि अबिगेलला शोधायला लागलो. पाटलांच्या घराण्यांत नाही, कुलकर्ण्यांच्यात नाही. शेवटच्या कोऱ्या पानांवर कुणी कुणी सटरफटर नोंदी करून ठेवतात, तिथंही नाही. तासभर झाला. तात्या म्हणाले, अबिगेलला चुकीच्या घाटावर कुणीतरी गाठलं असेल. डोरिसबाई डब्यावर बसून होत्या. त्यांच्या मोज्यांवर आमच्या मांजरानं डोकं टेकलं होतं आणि त्या पायसुद्धा हलवत नव्हत्या.

"ही भागी कोण?" आईनं चहाच्या भांड्यात साखर टाकता टाकता विचारलं.

मी बाईंना विचारलं. त्यांना नक्की माहीत नव्हतं. घरात कामाला असावी, त्या म्हणाल्या. अबिगेलला मराठी तिनंच शिकवलं असं मिशनच्या एका कागदात होतं.

"मग भागीच्या घरात बघा की," आई म्हणाली. "तिच्या अस्थी घेऊन आली ना ती? पाहुणी काय वेगळी चूल मांडते?"

तात्या माझ्याकडे बघायला लागले. "पाच पिढ्या हा व्यवसाय करतोय आपण," ते म्हणाले, "आणि अक्कल सासुरवाडीहून आली."

साल कळत होतं. पत्र १८७७ सालच्या डिसेंबरातलं, म्हणजे शके १७९९चा मार्गशीर्ष. दुष्काळाचं वर्ष. त्या वर्षीच्या पाथरवाडीच्या नोंदी पुष्कळ होत्या आणि बहुतेक सारख्याच होत्या. एवढ्यात घाटावरून तात्यांना बोलावणं आलं, नेवाशाचेच यजमान खोळंबले होते. उपरणं टाकून ते निघाले. जाता जाता म्हणाले, "सापडलं तर मी येईपर्यंत थांबव बाईंना."

ते गेले आणि पाच मिनिटांत मला भागी सापडली. ढोकण्यांच्या घराण्यात, पानाच्या तळाशी. अक्षर माझ्या खापरपणजोबांचं, गोविंदभटांचं. त्यांचं मोडी इतकं वळणदार की मला लहानपणी ते पुसून टाकावंसं वाटायचं, कारण तात्या माझ्या अक्षराची तुलना त्याच्याशी करायचे.

"भागी कोम रखमाजी ढोकणे," मी वाचलं. "म्हणजे रखमाजीची बायको. मौजे पाथरवाडी, हिच्या अस्थी. घरचे कोणी उरले नाही."

डोरिसबाई डब्यावरून पुढे झुकल्या.

"आणणार, आबीगेल, अमेरिकन बाई. राहणार पाथरवाडी, शाळेची मास्तरीण."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मी वाचत गेले. बाप सायलस, धंदा सुतारकी. आजा जोसाया. गाव कोल्डब्रुक, मुलूख वरमाँट. नवरा मयत. मी एकेक शब्द सांगत होते आणि त्या पेन्सिलीनं टिपत होत्या. सायलसपाशी त्यांची पेन्सिल मोडली. वीस वर्षं त्यांना अबिगेलचा बाप सापडला नव्हता, कारण लग्नानंतर तिचं माहेरचं नावच कुठं कुणी लिहिलं नव्हतं. "आणि हे सगळं," त्या म्हणाल्या, "गोदावरीच्या काठी एका कपाटात होतं!" मीही फुशारले. आपण काहीतरी थोर काम करतो आहोत असं मला फार वाटायला लागलं होतं.

"पुढे?" बाईंनी विचारलं. "पुढे काय आहे?"

पुढे एकच ओळ होती. "भाऊ नाही. पुत्र नाही." तिथं पान संपत होतं.

"नो ब्रदर्स," मी म्हणाले. "नो इश्यू. म्हणजे मूलबाळ नाही."

बाईंनी ते टिपलं नाही. त्यांनी विचारलं, "एवढंच?"

"हो. नोंद इथंच संपते."

"बरं," त्या म्हणाल्या. आधीच्या तीन कागदांवर त्यांनी आपलं टिपण ठेवलं आणि रबरबँड लावला. "मला वाटलं होतं, मिशनला भ्यायचं कारण होतं तिला. इथं कुणाला भ्यायचं होतं?"

 मी म्हटलं, चहा घ्या. मी म्हटलं, वडील येईपर्यंत थांबा. त्या म्हणाल्या, पाच वाजता बस आहे, सामान भरायचं आहे. उंबऱ्यावर भिंतीला धरून त्यांनी बूट घातले. त्याला फार वेळ लागला आणि मी नुसती उभी राहिले. मांजर त्यांच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेलं. त्या शालिमार चौकाजवळच्या लॉजवर उतरल्या होत्या, नदीपलीकडे.

तात्या सव्वातीनला आले. डब्यावर कुणी नाही हे पाहून म्हणाले, "यजमान कुठं गेले?"

मी सांगितलं. सापडलं, सगळं सापडलं, पण मूलबाळ नाही असं निघालं, म्हणून बाई गेल्या.

"चहा न घेता?"

"चहा न घेता."

"मूलबाळ नाही असं लिहिलंय?"

"लिहिलंय ना. पुत्र नाही."

तात्यांनी उपरणं खुंटीला टांगलं. "वसे, पुत्र नाही लिहिलंय की मूलबाळ नाही?"

"एकच ना ते, तात्या? आपल्या वहीत पुत्रानंतर कधी काही येतं का? पुत्र नाही म्हणजे घराणं संपलं, खाली रेघ. मुली कुणी लिहितं का?" आणि मग राहवलं नाही म्हणून बोलून गेले, "आपल्या घरच्या पानावर तरी मी कुठं आहे?"

हे जुनं दुखणं होतं. दहा वर्षांची असताना मी हट्टानं आमचं स्वतःचं पान काढून बघितलं होतं. आजोबा, तात्या, आणि अगदी तळाला 'पुत्र एक, हेरंब'. संपलं पान. मी वही फाडकन मिटली, दोन दिवस जेवले नाही, आणि त्या वहीला पुन्हा हात लावला नाही. घरात सगळ्यांना वाटलं की मला गोवर येणार.

 तात्या माझ्याकडे बघत राहिले, म्हणजे माझ्या दिशेनं. मग म्हणाले, "त्या बाईच्या नोंदीखाली रेघ आहे?"

मी पाहिलं. रेघ नव्हती.

"गोविंदभट रेघ मारायला विसरायचे नाहीत. पान उलट."

मी पान उलटलं.

आणि मला घाम फुटला. जानेवारीत. खरं सांगते, इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली नाही. त्या डब्यावर कुणीही बसलं असतं, मोडीचं एक अक्षर न येणारं, तर त्यानं नुसतं पुढे काय आहे म्हणून पान उलटलं असतं. मला उलटावंसं वाटलं नाही, कारण मी या घरात वाढले होते. पुत्रानंतर काही नसतं हे मला पाठ होतं.

"किती वाजले?" तात्यांनी विचारलं.

"साडेतीन होतील."

"वही बांध. रिक्षा बोलाव."

आई दारात आली. "अहो, वही? वही नदी ओलांडत नाही म्हणता ना तुम्ही?"

"यजमानानं वहीकडे यायचं असतं," तात्या पायांत वहाणा शोधत म्हणाले. "पण यजमान चहा न घेता गेला तर शास्त्रात काय सांगितलंय ते मला ठाऊक नाही. तू डब्यात दोन लाडू घाल."

रिक्षात तात्यांनी वही मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. पुलावर आलो तेव्हा त्यांनी नदीला नमस्कार केला, त्यासाठी एक हात सोडावा लागला म्हणून वही मला धरायला दिली आणि लगेच परत घेतली. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "काका, सोनं का काय?"

"बायका आहेत," तात्या म्हणाले. "हळू चालव."

लॉजच्या खालच्या हॉलमध्ये डोरिसबाई सुटकेस शेजारी ठेवून बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठायला लागल्या. तात्यांनी हातानंच बसा म्हटलं आणि त्यांच्यासमोरच्या कोचावर मांडी घालून बसले. मॅनेजर काहीतरी बोलणार होता, पण लाल फडकं सुटलं आणि तो हात जोडून उभा राहिला.

"मी चुकले," मी बाईंना म्हणाले. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तिथं मूलबाळ नाही असं नव्हतं. मुलगा नाही, एवढंच होतं. आमच्याकडे मुली लिहीत नाहीत, म्हणून मी पुढे पाहिलंच नाही."

"पुढे?"

"वाच," तात्या म्हणाले. "चुकलीस तू, वाचायचंही तूच."

मी वाचलं. आधी मराठीत, जसं आहे तसं, कारण तात्यांनाही ते ऐकायचं होतं.

"कन्या एक. नाव एलन. वय वर्षे नऊ. आत्याकडे असते. कन्या लिहिण्याचा प्रघात नाही असे बाईंस सांगितले. बाई उठेना. पुन्हा सांगितले. बाई उठेना. पुढील यजमान खोळंबले. सबब लिहिले."

मग खाली रेघ होती.

एलन हे नाव बाईंना मराठीतच कळलं. बाकीचं मी इंग्रजीत सांगितलं. 'बाई उठेना' दोनदा सांगितलं, दोनदा लिहिलं होतं म्हणून. डोरिसबाईंनी डोळे पुसले नाहीत. पाणी सरळ गालांवरून खाली येत होतं आणि बाई त्या पानाकडे बघत होत्या, त्यातलं एक अक्षर येत नसताना.

"किती वेळ बसली असेल ती?" त्यांनी विचारलं.

मी तात्यांना विचारलं.

"पुढचे यजमान खोळंबले म्हणजे तासभर तरी," तात्या म्हणाले. "गोविंदभट सहजासहजी हरणारे नव्हते. आमच्या घरात त्यांनी हार मानल्याचा हा एकच पुरावा आहे."

बाई मोठ्यानं हसल्या. हसता हसता त्यांचा हुंदका बाहेर आला. मग म्हणाल्या, "आजी हे ऐकायला हवी होती." दोनदा म्हणाल्या.

तात्यांनी त्यांना रडू दिलं. लाडवाचा डबा पुढे सरकवला. आणि मग खिशातून पेन काढून कामाला लागले.

"विचार त्यांना, एलनचं पुढे काय?"

"तात्या, बस आहे त्यांची."

"यजमान आला आणि घराणं पुढे लिहून घेतलं नाही असं झालंय कधी? विचार."

एलनला मुलगी रूथ. रूथला मुलगी डोरिस. मी सांगत होते आणि तात्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी मोठाली अक्षरं काढत होते, ओळी उतरणीला लागलेल्या. गोविंदभटांच्या अक्षराखाली ते फार वाईट दिसत होतं आणि मी प्रथमच काही बोलले नाही.

"डोरिसबाईंना पुत्र?"

"नाही."

"कन्या?"

"एक," बाई म्हणाल्या. "जोन. ओहायोला असते. माझा फोन उचलत नाही."

मी भाषांतर केलं. तात्यांनी पेन थांबवलं. "फोन उचलत नाही हेही लिहायचंय का?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "नको," त्या म्हणाल्या. "नाव लिहा फक्त. नाव लिहिलंय असं मी तिला पत्रानं कळवते."

अशा रीतीनं पाथरवाडीच्या ढोकण्यांच्या घराण्यात, काश्यप गोत्रात, पाच अमेरिकन बायका लिहिल्या गेल्या. भागीच्या माघारी तिच्या घरात कुणी उरलं नव्हतं. त्या घराण्याचं पान पुढे चाललं ते असं. डोरिसबाईंची बस चुकली. त्या सकाळच्या बसनं गेल्या, आणि जाण्याआधी रामकुंडावर येऊन भागीच्या नावानं पाण्यात फुलं सोडून गेल्या. तात्यांनी मंत्र म्हटले. मी छत्री धरून उभी होते, कारण बाईंना ऊन सोसत नव्हतं.

पण तो दिवस संपायच्या आधी रिक्षातून परत येताना मी तात्यांना म्हणाले, "अमेरिकेच्या पाच जणी लिहिल्यात. घरची एक राहिली."

"घरचीनं हट्ट कुठं धरलाय?"

"आता धरते."

"रिक्षात नको. पाठ दुखते माझी."

मी रागावले. त्यांनी आणखी एकदा विचारावं अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारलं नाही, आणि मीही त्यांचीच मुलगी, पुन्हा विषय काढला नाही. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, माझं लग्न झालं, मी कॉलेजात शिकवायला लागले. दर सुट्टीत येऊन मी एकसष्ट वह्या झटकायच्या, त्यांना ऊन दाखवायचं, फडकी बदलायची. साठ वह्या उघडून. आमच्या घरची वही तेवढी बांधलेलीच झटकायची.

तात्या २००६च्या पावसाळ्यात गेले. तेराव्याच्या सकाळी हेरंब ती वही घेऊन माझ्यापाशी आला. तो टक्कल पडलेला, पोक्त गृहस्थ झाला होता.

"तात्यांची नोंद करायला हवी," तो म्हणाला. "माझ्यानं नाही होणार. तू लिही."

मी वही उघडली. पान तेच. 'पुत्र एक, हेरंब.' खाली बोटभरही जागा नव्हती. तात्यांना लिहायचं तर कुठं लिहायचं, म्हणून मी जागा शोधायला पान उलटलं.

वर निळ्या शाईत तात्यांचं तरुणपणीचं अक्षर होतं. सरळ ओळी. "कन्या एक. नाव वसुधा. जन्म शके १८८६ आषाढ, मंगळवार, सूर्योदयी. घरात आनंद."

माझ्या जन्माच्या आठवड्यात लिहिलेलं. मी दहा वर्षांची असताना पहिलं पान वाचून वही फाडकन मिटली, तेव्हाही ते मागच्या बाजूला होतं.

आणि त्याखाली बॉलपेनानं, मोठाल्या अक्षरांत, ओळी उतरणीला लागलेल्या: "शके १९०८ पौष. वसुधा आज म्हणाली, आपल्या पानावर मी कुठे आहे. सांगणार होतो. सांगितले नाही. दुसऱ्याची पाने उलटते. कधीतरी आपले उलटेल."

"काय गं?" हेरंब म्हणाला. "काय लिहिलंय?"

 मी वही मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. एकोणीस वर्षं मी त्या माणसावर रुसले होते आणि तो गालातल्या गालात हसत माझी वाट बघत राहिला होता. आता ओरडायला तो समोर नव्हता.

बाहेर गुरुजींनी दुसऱ्यांदा हाक मारली. पानं मांडून झाली होती.

"वसू, ऊठ," हेरंब म्हणाला. "सगळे खोळंबलेत."

मी उठले नाही.